वाटेचे चौथे उद्घाटन

खेडेगावात मनुष्याने काहीही करावे, परंतु निष्कारण चालू नये. डोक्यावर भारा असावा, हातात खुरपे असावे, मागे बैल किंवा पुढे म्हैस असावी, आणि यांपैकी काहीच नसेल तर खिशात निदान कोर्टाच्या तारखेचा कागद तरी असावा. परंतु दोन्ही हात मोकळे सोडून, अंगावर धुतलेले कपडे घालून, केवळ चालावयाचे म्हणून शिवाराच्या दिशेने चालणारा मनुष्य हा युसूफ वडगावात, आणि माझ्या समजुतीप्रमाणे अवघ्या केज तालुक्यात, संशयास पात्र ठरतो. "गुरुजी, कुठं निघालाव?" हा प्रश्न बांधाबांधावरून येतो आणि त्यास "फिरायला" असे उत्तर दिले की विचारणाराच्या मुद्रेवर जी काळजी दाटून येते, ती पाहून आपल्या प्रकृतीविषयी आपल्यालाच शंका येऊ लागते. हा मनुष्य जमीन पाहावयास निघाला आहे, मोजणी आणणार आहे, की घरात सुनेशी कडाक्याचे भांडण करून बाहेर पडला आहे, याचा खल आपली पाठ वळताच सुरू होतो. गावातच पोलीस ठाणे असल्यामुळे संशयाची पुढील तजवीज फार लांब शोधावी लागत नाही, एवढीच काय ती सोय.

पूर्वी असे नव्हते. पहाटे शिवाराकडे निघालेल्या माणसाच्या हातात टमरेल असे, आणि ते टमरेल हाच त्याचा परवाना असे. त्याच्या आधाराने मनुष्य कोसभर भटकला, ओढ्याकाठी बसून सूर्योदय पाहत राहिला किंवा परतताना दुसऱ्याच्या हरभऱ्याचे चार डहाळे उपटून आला, तरी त्यास कोणी हटकत नसे. पुढे २०००-०१ साली संत गाडगेबाबांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान आले, यथाकाल घरोघर शौचालये बांधली गेली, आणि पहाटे टमरेलधाऱ्यांस गाठून गुलाबाचे फूल देणारी 'गुड मॉर्निंग पथके' गावोगाव हिंडू लागली. आरोग्याच्या दृष्टीने ही क्रांतीच होती, हे मी निःसंशय मान्य करतो. परंतु तिने प्रभातफेरीचा एकमेव समाजमान्य आधार काढून घेतला, याची नोंद कोठल्याही अहवालात मला आढळली नाही. माझ्या परिचयाच्या एका गृहस्थांस परगावी अशा पथकाने अडविले असता "मी नुसता फिरावयास आलो आहे" ही त्यांची कैफियत पथकास इतकी बनावट वाटली, की बिचाऱ्यांस दोन्ही रिकामे हात वर करून दाखवावे लागले.

असे असता साठीच्या सुमारास आमच्या रक्तात साखर निघाली. ती माझ्या एकट्याच्या रक्तात निघाली असती तर मी घरच्या अंगणातच फेऱ्या मारून आयुष्य काढले असते. परंतु ती एकाच वर्षी आम्हां चौघांच्या रक्तात निघाली. निवृत्त गिरदावर, किराणा दुकानदार, मी आणि आमच्या गल्लीतील बापू अशा चौघांनाही अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी रोज पाऊण तास चालण्याची ताकीद दिली. हमरस्त्यावर चालावे, तर हंगामात उसाने लादलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढीत ट्रॅक्टर येतात आणि त्यांवरील गाण्याच्या आवाजाने ट्रॅक्टरचाच आवाज ऐकू येत नाही. तेव्हा गावाबाहेरून ओढ्याच्या कडेने माळावरच्या चिंचेपर्यंत जाणारी जी जुनी पायवाट होती, ती आम्ही फिरण्यासाठी मुक्रर केली. वाट दीड किलोमीटरहून किंचित अधिक असावी. 'असावी' म्हणण्याचे कारण, ती अर्धी दिसत होती आणि अर्धी आठवावी लागत होती.

गिरदावरांनी, महसुली संस्कार अंगी मुरलेले असल्यामुळे, पहिल्याच दिवशी गावनकाशाची नक्कल काढण्याचा प्रस्ताव मांडला. आम्ही त्यास आनंदाने संमती दिली, कारण नकला मिळावयास काही महिने लागतील आणि तोपर्यंत कोणासच काही करावे लागणार नाही, असा आमचा होरा होता. दुर्दैवाने कचेरीतील कारकून कर्तव्यदक्ष निघाला आणि त्याने नक्कल त्याच दिवशी हातात ठेवली. सरकारी दिरंगाईवर विसंबून राहणाऱ्या सार्वजनिक कार्यकर्त्याची अशा प्रसंगी जी कुचंबणा होते, तिची कल्पना अनुभवावाचून येणार नाही.

नकाशावर आमची वाट होती. गाडीमार्ग असेल तर तुटक दुहेरी रेघ आणि त्याची रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट. पायमार्ग असेल तर तुटक एकेरी रेघ आणि त्याची रुंदी सव्वाआठ फूट, असा हिशेब गिरदावरांनी चष्मा पुसत सांगितला. सव्वाआठच का, असे बापूंनी विचारले. तेव्हा कळले, की मोजणीची साखळी ३३ फुटांची आणि साखळीचे आणे सोळा. सबब पायवाट म्हणजे बरोबर चार आणे. ज्यांच्या काळात वाटेची रुंदी आण्यांनी मोजीत, त्या लोकांविषयी माझ्या मनात एकदम आदर उत्पन्न झाला. आम्ही टेप घेऊन प्रत्यक्ष जागेवर गेलो आणि सर्वांत रुंद ठिकाणी वाट भरली दीड फूट. गिरदावरांनी मनातल्या मनात भागाकार करून खिन्न स्वरात निकाल दिला, "तीन पैसे." पावलीपैकी तेरा पैसे गेले कोठे, हा प्रश्न कोणी विचारला नाही. दोन्ही बाजूंस सोयाबीन उत्तम आले होते.

या गोष्टीस अतिक्रमण म्हणणे म्हणजे शेतकऱ्याच्या कलेचा उपमर्द करणे होय. अतिक्रमण एका रात्रीत होते; बांध कोरण्यास पिढ्या लागतात. नांगराचे वा पाळीचे शेवटचे तास टाकताना हात दरवर्षी चार बोटे बाहेर झुकतो, एवढेच. झुकतो तोही आपण होऊन, मालकाचे लक्ष बैलाकडे असते. हे असे बैलांच्या काळापासून चालले आहे, आणि ट्रॅक्टर आल्यावर बोटांच्या जागी वीत आली. गिरदावर म्हणाले, दावा लावता येईल. मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६, त्यातील कलम ५ अन्वये वाटेतील हरकत दूर करविता येते. शिवाय जमीन महसूल संहिता, १९६६, हिचे कलम १४३ आहेच, ते बांधावरून वाट मिळण्यासंबंधीचे आहे. आता आमच्या मुलखात मामलेदार हा इसम कधी नव्हताच. निजामाच्या अमदानीत, म्हणजे १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत, आम्ही तहसीलदाराची रयत होतो आणि आजही आहोत. तथापि मुंबई इलाख्याचा मामलेदार कायद्याच्या नावातून आमच्याकडे वतनावर येऊन राहिला आहे. अडचण निराळीच निघाली. हरकत झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा लावला पाहिजे, अशी त्या कलमाची अट. येथे हरकत चाळीस वर्षे, दरवर्षी चार बोटे या दराने झालेली. तेव्हा सहा महिने कोणत्या बोटापासून मोजावयाचे? या कायदेशीर प्रश्नावर चर्चा रंगात आली असता वाटेला लागून असलेले तिसरे शेत आमच्या दुकानदारांचेच आहे, ही बाब नकाशावरून उघडकीस आली, आणि दावा न लावण्याचा ठराव एकमताने मंजूर झाला. त्याच ठरावान्वये दुकानदारांस कोषाध्यक्ष नेमले.

याच सुमारास माझा भाचा अमेरिकेतून आला. परदेशस्थ भाच्यांस मामाच्या गावी आल्यावर कोणती ना कोणती सुधारणा सुचतेच. त्यास ही सुचली. तिकडे अपलेशियन नावाची एक डोंगरवाट आहे, चौदा राज्यांतून जाणारी, सुमारे ३,५०० किलोमीटर लांब. बेंटन मकाय नावाच्या गृहस्थाने १९२१ साली तिची कल्पना मांडली आणि १९३७ साली ती सलग झाली. ती कोठे पोहोचण्यासाठी नाही. केवळ चालण्यासाठी आहे. आणि विशेष हे, की तिची झाडलोट, डागडुजी, पडलेली झाडे हटविणे हे सारे मुख्यतः हौशी मंडळी बिनमोबदला करतात. वाटेचा एकेक तुकडा एकेकाने दत्तक घ्यावयाचा आणि वर्षातून ठरावीक वेळा जाऊन त्याची निगा राखावयाची. बापूंनी हे सर्व शांतपणे ऐकून विचारले, "दत्तक घेतल्यावर सातबाऱ्यावर नाव लागतं का?" नाही म्हणताच त्यांचा उत्साह मावळला.

मला स्वतःला ती कल्पना फार आवडली. आमच्या वाटेवर जे रान माजले होते, त्यात निम्मे गाजरगवत होते, आणि ते गवत १९५५च्या पुढेमागे अमेरिकेहून आलेल्या गव्हाबरोबर या देशात शिरले, अशी सार्वत्रिक समजूत आहे. त्या देशाने आम्हांस प्रथम गवत पाठविले आणि सत्तर वर्षांनी ते काढण्याचा उपदेश पाठविला, यात एक प्रकारची सचोटी आहे. भाच्याने इंग्लंडचीही एक हकीकत सांगितली. २४ एप्रिल १९३२ रोजी तिकडे किंडर स्काउट नावाच्या माळरानावर काही शे लोक जमीनदारांची बंदी मोडून घुसले, आणि त्यांपैकी पाचजणांस तुरुंगवास झाला. घुसण्याचा हेतू काय, तर फिरणे. ही गोष्ट मी पारावर सांगितली. बांधासाठी तुरुंगात गेलेली माणसे आमच्याकडे सन्मानाने वावरतात, पण फिरण्यासाठी तुरुंगात गेलेल्यांची कथा ऐकून पारावरचा एक वृद्ध एवढेच म्हणाला, "त्यांच्याकडं कामं नसतील."

समिती स्थापन झाली. तिचे नाव ठरविण्यात तीन बैठका गेल्या आणि शेवटी ठरले ते नाव फलकावर मावेना, म्हणून फलकावर 'समिती' एवढाच शब्द रंगविला. बोधवाक्यावरून मात्र खरा वाद झाला. आपल्या भाषेत वाट ही मोठी चमत्कारिक वस्तू आहे: ती पाहिली तर कोणी येत नाही, लावली तर सत्यानाश होतो, आणि नुसतीच वहिली तर मालकी सांगता येते. 'वाट लावू या' असे एक सुटसुटीत वाक्य दुकानदारांनी सुचविले होते, ते मी सचिव या नात्याने मोठ्या शिताफीने गाळले. मी स्वतः सुचविले, की ज्या वाटेने पुष्कळ लोक जातात तिला आपण 'मळलेली वाट' म्हणतो, तेव्हा 'आपली वाट मळू द्या' असे लिहावे. त्यावर अध्यक्षांनी, म्हणजे गिरदावरांनी, स्वच्छतेच्या कार्यात मळण्याचा पुरस्कार कसा करावयाचा, अशी रास्त हरकत घेतली. फलक आजही बोधवाक्याविना आहे.

पहिले श्रमदान चैत्रात झाले. नारळ फुटला, दोन भाषणे झाली, आणि त्यानंतर खरोखरच साठ-सत्तर माणसांनी चार तास कुदळ-फावडे चालवून बाभळीचे काटे, घाणेरी आणि गाजरगवत काढले व मुरूम पसरला. शेतमालकांपैकी दोघांनी आपण होऊन दोन-दोन हात जागा सोडली. आमच्या कोषाध्यक्षांनी दीड सोडली. वाट चिंचेपर्यंत अशी लख्ख झाली, की पहिल्या संध्याकाळी तीवरून चालताना आम्हांस भरल्या मांडवातून चालल्यासारखे संकोचल्यागत वाटले. संध्याकाळी घरी येताना मला वाटले, झाले, आता आपण मरेपर्यंत येथून फिरू.

ज्येष्ठात पाऊस पडला.

काळ्या मातीचा स्वभाव ज्यांना ठाऊक नाही, त्यांच्यासाठी थोडे सांगितले पाहिजे. या मातीत माँटमोरिलोनाइट नावाचा चिकट पदार्थ असतो. तो पाणी प्याला की फुगतो आणि उन्हाने वाळला की आक्रसतो, त्यामुळे उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात माणूस पावलागणिक उंच होत जातो. दहा पावले चालल्यावर प्रत्येक चपलेखाली शेर-दीड शेर जमीन येते. बांध कोरण्याचा हा आणखी एक निरुपद्रवी प्रकार होय. आम्ही पसरलेला मुरूम वाहून ओढ्यात गेला, आणि जेथे वाट होती तेथे सुरेख ओघळ तयार झाली. उताराची वाट ही पाण्याच्या दृष्टीने वाट नसून आयतीच खोदून ठेवलेली मोरी असते, हे ज्ञान आम्हांस त्या दिवशी झाले.

त्यावरचा उपाय शेजारून आला. २०१६ साली पाणी फाउंडेशनची 'वॉटर कप' स्पर्धा पहिल्यांदा ज्या तीन तालुक्यांत झाली, त्यांत वरूड आणि कोरेगाव यांच्या जोडीला आमच्या शेजारचे अंबाजोगाई होते. त्या दीड महिन्यात तिकडच्या गावांनी भर उन्हाळ्यात रात्रीच्या रात्री जागून समतल चर खोदले होते. त्या वेळी प्रशिक्षण घेतलेला, बापूंच्या मुलीकडचा एक तरुण पाहुणा म्हणून आला आणि ओघळीकडे एकवार पाहून म्हणाला, "मामा, पाण्याला अडवू नका, त्याला वाटेवरून उतरवा." त्याने सांगितले ते असे: दर पंधरा-वीस पावलांवर वाटेला तिरका चर घ्यावयाचा, त्याची खालची कड दगडांनी बांधावयाची, आणि वाटेची पाठ किंचित उताराच्या बाजूस कलती ठेवावयाची, म्हणजे पाणी वाटेवर धावत सुटण्याआधीच बाजूच्या गवतात जाते. आम्ही तसे केले. आणि खरोखर, पुढचे दोन मोठे पाऊस वाटेने झेलले. तिसऱ्या पावसात चर गाळाने भरले आणि पाणी पुन्हा पूर्वीच्या ओघळीने वाहू लागले. पाहुण्याला फोन केला. तो म्हणाला, "चर उकरले नाहीत का?" आम्ही म्हणालो, "ते खोदलेत ना एकदा." फोनवर काही क्षण शांतता होती.

त्या शांततेवर मी पुष्कळ दिवस विचार केला. आपल्याकडे 'श्रमदान' म्हणतात, आणि दान ही एकदा करून मोकळे होण्याची गोष्ट आहे. गाय दान दिली की रोज सकाळी जाऊन तिचे शेण काढावे, असे कोणतेही शास्त्र सांगत नाही. आरंभासाठी आपल्या भाषेत भूमिपूजन आहे, पायाभरणी आहे, उद्घाटन आहे, लोकार्पण आहे. पंचांगात त्याला मुहूर्त आहे. भरलेला चर पुन्हा उकरण्यासाठी मात्र मुहूर्त नाही, मंत्र नाही, नारळ नाही, आणि छायाचित्रकार तर नाहीच नाही. देव पाहिले, तर संहार करणाऱ्याची देवळे गल्लोगल्ली. पालन करणारा पंढरपुरात कमरेवर हात ठेवून उभा, आणि त्याच्याकडे जाण्याच्या वाटेची डागडुजी वर्षातून एकदाच, पालखी यावयाच्या आदल्या आठवड्यात होते. शेगावची गजानन महाराजांची पालखी परळी-अंबाजोगाईच्या अंगाने जाते, तेव्हा खड्डे कसे भराभर बुजतात ते आम्ही पाहतोच. गाडगेबाबा तेवढे या नियमास अपवाद. गावात शिरले की आधी खराटा आणि मग रात्री कीर्तन, हा त्यांचा क्रम होता. आम्ही त्यांच्या नावाचे अभियान उचलले, त्यातला क्रम मात्र उलटा लागला.

परंतु सचिवास चिंतन परवडत नाही. त्यास कार्यक्रमपत्रिका लागते. मी बैठकीत सूचना मांडली, की ज्या अर्थी उद्घाटनावाचून लोक कुदळ उचलीत नाहीत, त्या अर्थी वाटेचे पुन्हा उद्घाटन करावे. प्रथम हशा झाला. मग गिरदावर गंभीर झाले आणि म्हणाले, की एकाच कामाचे दोनदा उद्घाटन होऊ नये असा कोठलाही नियम त्यांच्या पाहण्यात नाही. दुसऱ्या उद्घाटनासाठी पाहुणे बोलाविले, पाहुण्यांसाठी खुर्च्या मांडावयाच्या होत्या, खुर्च्यांसाठी वाट साफ करावी लागली, आणि आदल्या रात्री पोरांनी बॅटरीच्या उजेडात सारे चर उकरून काढले. वाटेच्या देखभालीचे तंत्र आम्हांस सापडले होते, आणि त्याचा खर्च एक नारळ व पावशेर पेढे एवढाच होता.

याच दुसऱ्या उद्घाटनाच्या वेळी खुणांचे प्रकरण घडले. अपलेशियन वाटेवर झाडांच्या बुंध्यांवर दोन इंच रुंद आणि सहा इंच उंच असे पांढरे पट्टे ओढलेले असतात, म्हणजे चालणारा चुकत नाही, असे भाच्याने सांगितले होते. आमच्याकडे झाडे कमी आणि दगड पुष्कळ, म्हणून आम्ही ठरावीक अंतराने दगड पुरून त्यांस चुना फासला. दुसऱ्या दिवशी सकाळी वाटेवर सात-आठ शेतकरी हातात काठ्या घेऊन उभे होते. चुना ही मोजणीची खूण, तेव्हा कोणी गुपचूप मोजणी आणली, असा बोभाटा झाला होता. चुना खरवडला. मग रंग कोणता द्यावा याचा विचार सुरू झाला आणि असे आढळून आले, की या देशातील प्रत्येक रंग कोणत्या ना कोणत्या पक्षाने अगोदरच घेऊन ठेवला आहे. अखेर कोषाध्यक्षांच्या दुकानात दार रंगवून उरलेला तांबडा ऑइलपेंट होता, तो फुकट मिळत असल्यामुळे सर्वानुमते निःपक्षपाती मानण्यात आला.

आठ दिवसांनी पाहतो, तो पहिल्या दगडापुढे फुटका नारळ होता. तिसऱ्यापुढे उदबत्ती होती. पाचव्यास कोणी डोळे लावले होते. पुढील पेरणीस मी स्वतः पाहिले, की नांगराचे शेवटचे तास दगडापाशी आले असता, जो हात चाळीस वर्षे चार बोटे बाहेर झुकत होता तो हातभर आत झुकला, आणि ट्रॅक्टरवरच्या गड्याने चाकावरचा एक हात काढून नमस्कार केला. १९०६चा कायदा आणि १९६६ची संहिता यांस जे साधले असते किंवा नसते, ते पाव लिटर रंगाने साधले. बाधा एवढीच आली, की दमल्यावर त्या दगडांवर बसता येईना. आणि एक दगड आम्हीच चुकून वाटेच्या ऐन मध्यावर पुरला होता, तो आता हलविणे कोणाच्याच बापाचे सामर्थ्य नव्हते. आम्ही त्याला उजवी घालून जातो.

वाटेस दुसरे गिऱ्हाईक मिळाले ते पोलीस भरतीच्या पोरांचे. मैदानी परीक्षेत मुलांना १,६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावयाचे असते, आणि पहाटे चार वाजता हमरस्त्यावर ट्रॉल्यांच्या उजेडात धावणे म्हणजे भरतीआधीच शहीद होणे. पोरांनी वाट मोजली आणि चिंचेपर्यंत ती साठ मीटर कमी भरली. वाट वाढवावी, असा त्यांचा अर्ज आला. वाढवावी तर पुढे शेत. म्हणून पोरे चिंचेला प्रदक्षिणा घालून हिशेब पुरा करू लागली. हे पाहून एका म्हातारीने, पोरे भरतीसाठी नवस फेडताहेत अशा समजुतीने, चिंचेला सूत गुंडाळले. पुढे एक मुलगा खरोखरच भरती झाला. आता त्या चिंचेची फांदी तोडावयास कोणी धजत नाही, आणि वाटेच्या त्या टोकाची चिंता आम्ही सोडून दिली आहे.

तिसरे उद्घाटन फसले, त्याचे कारण आम्ही ते पौषात ठेवले. दसरा-दिवाळी उलटली की बीड जिल्ह्याचा मोठा भाग उसाच्या फडावर जातो. नवराबायकोच्या जोडीला तिकडे 'कोयता' म्हणतात आणि टोळ्यांची गणती माणसांनी नव्हे, कोयत्यांनी होते. आमच्या चैत्रातल्या साठ-सत्तर माणसांपैकी निम्मी या वेळी कोठे सांगलीकडे, कोठे कर्नाटकात ऊस तोडीत होती. उरलो आम्ही: साखर झालेले चौघे. ज्या साखरेसाठी ते गेले आणि जिच्यामुळे आम्ही चालत होतो, ती एकच, हा योगायोग बापूंनी काढला, पण त्यावर कोणी हसले नाही. चौघांनी मिळून दोन चर उकरले. बापूंची कंबर धरली.

चौथे उद्घाटन म्हणून आम्ही श्रावणात ठेवले. लोक गावी होते, गवत गुडघाभर वाढले होते, आणि पेरण्या आटोपल्या होत्या. आदल्या दिवशी वाट साफ झाली, चर उकरले गेले, मधल्या देवालाही पाणी घालून झाले. दोन बाभळींच्या मध्ये लाल फीत बांधली. तबकात हळदकुंकू, नारळ, फुले सर्व होते. कात्री मात्र कोषाध्यक्ष दुकानातच विसरले होते. ती आणावयास एक पोरगा मोटारसायकलीवर धाडला. प्रमुख पाहुणे अंबाजोगाईहून यावयाचे होते, ते तासाभरात निघणार होते. छायाचित्राचे काम ज्या तरुणाकडे होते, तो रस्त्यावर पाहुण्यांच्या गाडीची वाट पाहत उभा होता. आम्ही खुर्च्यांवर बसून आकाशाकडे पाहत होतो.

तेवढ्यात माळाकडून एक बाई आली. डोक्यावर हिरव्या गवताचा ओला भारा. त्याचे पाणी तिच्या कपाळावरून ओघळत होते, आणि भाऱ्याच्या वजनाने मान अशी ताठ झाली होती, की ती आमच्याकडे पाहत आहे की आमच्यावरून पलीकडे पाहत आहे, ते कळेना. फितीपाशी ती थांबली. वाकून जावे तर भारा पडणार. बाजूने जावे तर एकीकडे बाभळीचे काटे आणि दुसरीकडे ओघळ.

"मावशी, जरा थांबा," अध्यक्ष खुर्चीतून अर्धवट उठून म्हणाले. "पाहुणे येऊ द्या."

"कोन पाहुणे?" ती म्हणाली. "म्हशी वरडायल्यात घरी."

एका हाताने भारा सावरून तिने दुसरा हात कमरेकडे नेला, खोचलेला विळा काढला, फितीला लावला, आणि ती दोन तुकडे होऊन दोन्ही बाभळींवर लोंबकळू लागली. विळा पुन्हा कमरेला गेला. उकरलेल्या चरांवरून पाऊल उचलून टाकीत, मधल्या देवाला उजवी घालून ती निघून गेली. मागील रांगेतल्या भरतीच्या पोरांनी टाळ्या वाजविल्या. मग आम्हीही वाजविल्या. तिने मागे वळून पाहिले नाही. पाच मिनिटांनी कात्री आली, आणि पाहुण्यांचा निरोप आला की गाडी पंक्चर झाली आहे. नारळ अध्यक्षांनी फोडला व पेढे वाटले गेले.

इतिवृत्त लिहिणे माझ्याकडे आहे. 'चौथे उद्घाटन' इथपर्यंत मजकूर झाला आहे, उपस्थितांची यादी झाली आहे, 'यांच्या शुभहस्ते' या शब्दांपूर्वीची जागा मात्र मी कोरी सोडली आहे. त्या बाईस नाव विचारून ते लिहून टाकावे, असा अध्यक्षांचा आग्रह आहे. मीही ते विचारणार आहे. ती मला जवळजवळ रोजच भेटते, तिच्या डोक्यावर भारा असतो, माझे दोन्ही हात मोकळे असतात, आणि मी तोंड उघडण्याच्या आत तीच विचारते, "गुरुजी, कुठं निघालाव?"